दाढेतलं गाव

खासदार जयसिंग कणसे यांचं ते गाजलेलं भाषण वाघजाईवाडीनं देवळासमोर मोठ्या पडद्यावर बघितलं. मांडव पोपटचा, पडदा पोपटचा, खुर्च्या पोपटच्या, आणि पडद्यावर गर्जणारा थोरला भाऊही पोपटचाच. टाळ्या तेवढ्या गावाच्या होत्या, आणि त्यातल्याही निम्म्या पोपटनं वडापाव देऊन बसवलेल्या.

"कागद खोटं बोलतो," जयसिंगराव दिल्लीतून सांगत होते. "जन्माचा दाखला खोटं बोलतो, पासपोर्ट खोटं बोलतो. माणसाची दाढ खोटं बोलत नाही. ज्याला दोन देश आहेत, त्याला एकही देश नाही. या सभागृहात ज्याचं दुसरीकडचं नागरिकत्व निघेल, मग ते त्यानं मागून घेतलेलं असो नाहीतर जन्मानं चिकटलेलं असो, त्यानं बाहेर चालायला लागावं."

दोन हजार एकोणपन्नास साल होतं. आधीच्या कायद्यात स्वतः होऊन परक्या देशाचं नागरिकत्व घेणारा तेवढा बाद व्हायचा. जयसिंगरावांनी त्यात जन्माचीही भर घातली. देशप्रेम वगैरे होतंच, पण खरी गोम निराळी होती. विरोधी बाकावर इरावती सबनीस नावाच्या एक बाई बसायच्या आणि जयसिंगरावांच्या प्रत्येक भाषणानंतर उठून दोन वाक्यांत त्यांचा फुगा फोडायच्या. बाईंचे आईवडील डॉक्टर, आणि बाईंचा जन्म परदेशातल्या इस्पितळातला. तेव्हा बाईंना उडवायला एक कायदा लागला, आणि कायद्याला लागलं एक यंत्र.

सरकारी कागदात त्याचं नाव चांगलं दीड ओळीचं होतं. लोक त्याला दाढमापी म्हणायचे. त्यामागचं शास्त्र मात्र साधं. खडकात स्ट्रॉन्शियम नावाचा धातू असतो, कॅल्शियमचा चुलतभाऊच म्हणा. त्याचे काही अणू हलके, काही जड, आणि कुठल्या मुलखातल्या खडकात कुठले किती, हे प्रमाण त्या मुलखाच्या सहीसारखं असतं. सह्याद्रीच्या काळ्या दगडाची सही वेगळी, समुद्रातल्या पोवळ्याच्या बेटाची वेगळी. खडकातून ते पाण्यात उतरतं, पाण्यातून पिकात, पिकातून आईच्या अंगात, आणि आईच्या दुधातून पोराच्या दाढेत. पहिली पक्की दाढ तोंडात दिसते सहाव्या वर्षी, पण हिरडीच्या आत तिचं बांधकाम जन्मापासूनच चालू झालेलं असतं. हाडं आयुष्यभर झिजतात आणि भरतात. दाढेवरचं कवच एकदा घडलं की घडलं. त्यात ना रक्त, ना जिवंत पेशी. माणूस म्हातारा होतो, पक्ष बदलतो, बायको बदलतो, दाढेत त्याचं पहिलं गाव आहे तसंच कोंडून राहतं. दाढमापी केसाहून बारीक लेझर मारून त्या कवचातला कण उडवायचा आणि सांगायचा, हा गृहस्थ दूध पीत होता तेव्हा ह्याची आई कुठलं पाणी पीत होती.

तोंडात अशा पहिल्या दाढा चार. त्यातली कुठली तपासायची ते यंत्र ऐनवेळी ठरवायचं. हिशेब नेमका कसा करतं ते सरकारनं गुपित ठेवलं होतं, आणि कुणी खासगीत दाढ तपासून बघितली किंवा बदलून घेतली तर सात वर्षं आत.

इरावतीबाई पहिल्याच आठवड्यात गेल्या. जयसिंगरावांनी पेढे वाटले.

त्यानंतर चौथ्या दिवशी आईनं त्यांना फोन केला. आई म्हणजे सुलोचनाबाई, शहात्तर वर्षांच्या, वाघजाईवाडीत धाकट्याजवळ राहायच्या. त्या म्हणाल्या, जया, तू असं बोलायला नको हुतंस. तुझा जन्म हितला न्हाई, माझ्या माहेरचा हाय.

आता ह्या माहेराची गोष्ट सांगायला पाहिजे. पोपटचे वडील साखर कारखान्यातले फिटर. तरुणपणी कारखान्यानं त्यांना अगाथ नावाच्या बेटावर पाठवलं, तिथल्या साखर गिरणीत नवा चरक बसवायला. हिंदी महासागरातलं पोवळ्याचं बेट ते; पाच पिढ्यांमागं आपल्याकडची माणसं तिथं ऊस तोडायला गेलेली आणि तिथंच राहिलेली. वडलांनी चरक बसवला आणि येताना तिथल्या मराठी घरातली सुलोचना बायको करून आणली. पुढं दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. माहेर दोन डोंगरांपलीकडं आहे का समुद्रापलीकडं, हे रीत विचारत नाही. सुलोचनाबाई विमानात बसून माहेरी गेल्या, जयसिंग तिथं झाला, मग मायलेकरं परत आली. शाळेत घालताना मास्तरांनी बाकीच्या पोरांसारखी एक जून तारीख टाकली आणि गाव टाकलं वाघजाईवाडी. झाला दाखला.

आणि अगाथच्या घटनेत असं होतं की तिथं जो जन्मला तो मरेपर्यंत तिथला. नागरिकत्व सोडायची सोयच ठेवलेली नव्हती.

जयसिंगराव पुढच्याच रविवारी गावाला आले, एकाच गाडीतून, कार्यकर्ते न आणता. पोपटनं ओळखलं की काहीतरी बिनसलंय. थोरला सोप्यात बसला, चहा नको म्हणाला, आणि बराच वेळ पोपटच्या तोंडाकडं बघत राहिला.

पोपटचे दात ही तालुक्यातली एक चीज होती. मांडवाच्या ओल्या दोरखंडाची गाठ तो दातानं सोडायचा. सोड्याची बाटली उघडायला त्याला काही लागायचं नाही. यात्रेत अख्खी सुपारी कडाकडा फोडून दाखवायची पैज त्यानं पन्नाशीतही सोडली नव्हती. मटणाच्या दिवशी नळी त्याच्याकडं, आणि नळीचा भुगा कुत्र्याकडं.

"पोप्या," जयसिंगराव म्हणाले, "मला तुझ्या चार दाढा लागणार आहेत."

खुर्च्या मागाव्यात तसं मागितलं. पोपटला आधी गंमत वाटली.

"भाड्यानं का कायमच्या?" त्यानं विचारलं.

थोरला हसला नाही. मग त्यानं सगळं उलगडून सांगितलं. पुण्यात मुनोत म्हणून दाताचे डॉक्टर होते, एकदम घरचा माणूस. त्यांच्याकडं पेशींचा नवा लेप आला होता. एकाच्या जबड्यातली दाढ दुसऱ्याच्या जबड्यात बसवायची, भोवती लेप भरायचा, अकरा दिवसांत मुळं धरतात. सख्खा भाऊ असला तर शरीर नाही म्हणत नाही. पोपटचा जन्म ह्याच घरातला, मागच्या खोलीतला, सुईण शेजारची. म्हणजे त्याच्या दाढेत वाघजाईवाडीच. आणि कवचात रक्त नसल्यामुळं दाढ कुणाची, हे यंत्राला कळायचं कारण नाही.

तीस वर्षं पोपटनं ह्या भावासाठी मांडव घातले, माणसं गोळा केली, शिव्या खाल्ल्या, एकदा दुसऱ्याच्या नावावरची मारामारी आपल्या नावावर घेतली. चारचौघांत त्याला दादा म्हणायची परवानगी नव्हती, साहेब म्हणावं लागायचं. बदल्यात त्याला एकच गोष्ट हवी होती. एकदा आमदारकीला उभं राहायचं. तीनदा थोरल्यानं शब्द दिला होता, आणि तीनदा तिकीट तिसऱ्याला गेलं होतं.

"ह्या टायमाला तिकीट तुझं," जयसिंगराव म्हणाले. "आईच्या गळ्याची शपथ."

आई शेजारीच बसली होती. शपथेला तिला कुणी विचारलं नाही.

पोपटची बायको शालन आतून सगळं ऐकत होती. थोरले दीर गेल्यावर ती बाहेर आली. तिचं म्हणणं एवढंच होतं की ह्या घरात दिलेलं कधी परत आलेलं नाही, आणि भावजींच्या शपथेवर तर गावातला कुत्रासुद्धा शेपूट हलवत नाही. पोपटनं तिला समजावलं, अगं दाढाच आहेत, किडनी नाही.

"किडनी दोन असत्यात म्हणून एक मागत्यात," शालन म्हणाली. "दाढा चार हायत म्हणून चारी मागितल्या. तुम्हीच बघा."

पोपटनं बघितलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढं आपल्याच मांडवात आपलाच सत्कार चालला होता.

पुण्याला मुनोतांच्या दवाखान्यात सकाळी सातला दोघं भाऊ शेजारशेजारच्या खुर्च्यांत आडवे झाले. पोपटच्या दाढा सहजासहजी निघेनात. डॉक्टर घामाघूम झाले, म्हणाले, अशी मुळं मी घोड्यातच बघितलीत. शेवटी दोन माणसांनी खांदे दाबून धरले. एकेक निघाली तशी लेपात बुडवून पलीकडच्या खुर्चीत बसवली. जयसिंगरावांच्या स्वतःच्या चार दाढा बशीत पडल्या होत्या; त्या पुरावा नको म्हणून तिथल्या तिथं भट्टीत जाळून टाकल्या. पोपटच्या रिकाम्या जागी काय घालायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं. डॉक्टरांनी कापूस घातला.

घरी आल्यावर पोपटनं भाकरी तोंडात घातली आणि ती नुसतीच तोंडात फिरत राहिली. पुढचे दात तोडतात, दळायचं काम दाढांचं. मागं दुसऱ्या दाढा होत्या, पण वरखाली जबडाच बसेना, हिरड्या सुजलेल्या, बाकीचे दातही हलायला लागलेले. शालन त्याला भात शिजवून शिजवून त्याची पेज करून द्यायची आणि वाढताना काही बोलायची नाही. ते न बोलणं त्याला जास्त लागायचं.

इकडं दिल्लीत दुसरीच मजा झाली. दाढमापीच्या भीतीनं खासदार दाढा उपटून घ्यायला लागले. दोन महिन्यांत एक्केचाळीस जणांच्या पहिल्या दाढा अचानक किडल्या. कुणी म्हणालं गोड खाऊन, कुणी म्हणालं पडलो. वर्तमानपत्रांना चांगला धंदा मिळाला. मग ह्या पळवाटेला बूच मारायला एक दुरुस्ती आली: ज्याच्या तोंडात चारही पहिल्या दाढा जागेवर नसतील, त्याला ग्रामपंचायतीपासून संसदेपर्यंत कुठलीच निवडणूक लढवता येणार नाही. सत्तरीच्या पुढच्यांना सूट, कारण सगळ्या पक्षांचे श्रेष्ठी सत्तरीच्या पुढचे होते.

दुरुस्ती मांडली जयसिंग कणसे यांनीच.

पोपटनं ते भाषणही पडद्यावर दाखवलं. सवय होती. अर्धं भाषण झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण काय दाखवतोय.

पंधरा दिवसांनी आमदारकीच्या उमेदवाराची घोषणा झाली. सभा मोठी, मांडव पोपटचाच. उमेदवार जयसिंगरावांचा मुलगा विश्वजीत. वय सत्तावीस, सगळे दात जागेवर. सभा उरकल्यावर मांडवाच्या मागं पोपटनं भावाला गाठलं. आसपास कुणी नव्हतं म्हणून दादा म्हणाला. जयसिंगराव भाजके शेंगदाणे खात होते. आवाज पोपटला ओळखीचा वाटला. अशी दाणे फोडण्याची पद्धत त्याच्या दाढांची होती.

"अरे, कायदा देशाचा हाय, घरचा न्हाई," जयसिंगराव म्हणाले. "तुझ्या तोंडात दाढा कुठायत?"

आणि दोन दाणे त्याच्या हातावर ठेवून गाडीत बसले.

संसदेतल्या तपासणीत जयसिंगरावांची पाळी पुढच्या सोमवारी होती. आठवडा राहिला होता. एका दुपारी आई पोपटसाठी दुधात भाकरी कुस्करत बसली होती. शालन शेतावर गेलेली. पेज खाऊन त्याची हाडं वर आली होती, म्हणून आईचा जीव तुटायचा. कुस्करता कुस्करता तिला जुनं आठवलं, आणि ती आपल्याशीच बोलल्यासारखी बोलायला लागली, की काय दात होते रं तुझे, जयाच्या दातांत ती ताकद कधीच नव्हती, तुझ्या वेळी मी मातीच तेवढी खाल्लेली.

पोपटनं विचारलं, कसली माती.

डोहाळ्याची, आई म्हणाली. बायका खातातच. कुणी चुलीची खाते, कुणी बाजारातली भाजकी. तिला मात्र इथली कुठलीच माती चालेना. तिला अगाथची तांबडी माती पाहिजे होती, तिच्या अंगणातली. तिच्या वडलांनी बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यांत भरून पाठवली. डोहाळे पुरवायचे असतात, नाहीतर पोराचा कान फुटतो म्हणतात. गरोदरपण सरलं तरी ती खोड सुटली नाही. पोपट अंगावर प्यायचा ती दोन वर्षं ती रोज चिमूटचिमूट खात होती, आणि डबे येत होते.

"मग दादाच्या वेळी?" पोपटनं विचारलं.

"त्याच्या वेळी मी माहेरातच हुते की," आई म्हणाली. "मग माती कशाला खाईन? तुझ्या वेळंला माहेर न्हवतं, म्हणून माहेरची माती खाल्ली."

पोपट शिकला होता नववीपर्यंत, पण दाढमापीचं भाषण त्यानं दोनदा पडद्यावर दाखवलं होतं, आणि त्यातलं खडक, पाणी, आई, दूध, दाढ हे त्याला पाठ झालं होतं. त्यानं वाटी खाली ठेवली. जयसिंगरावांच्या तोंडात वाघजाईवाडी बसवली असं सगळ्यांना वाटत होतं. त्यांच्या तोंडात चार डबे अगाथ बसलं होतं.

आता काय करायचं? वेळ होता. थोरला आजारी पडू शकत होता, राजीनामा देऊन मानानं बाजूला होऊ शकत होता. पोपटनं लगेच फोन लावला. स्वीय सहायक म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत. दुसऱ्या दिवशी लावला, साहेब दौऱ्यावर आहेत. तिसऱ्या दिवशी साहेब तालुक्याच्या बंगल्यावर आहेत असं कळलं, तेव्हा पोपटनं एसटी पकडली आणि तो स्वतःच गेला. हे लक्षात ठेवा. तो सांगायलाच गेला होता.

बंगल्याच्या अंगणात वीस-पंचवीस कार्यकर्ते बसले होते. कुणाच्या तरी शेतातला ऊस आलेला, सगळे कांडी सोलून खात होते. पोपट म्हणाला, साहेब, जरा आत या, एक बोलायचंय. जयसिंगरावांना वाटलं, तिकिटाचं रडगाणं. चारचौघांत ते ऐकायला लागू नये म्हणून त्यांनी चारचौघांतच उडवून लावायचं ठरवलं. उसाचं एक जाड कांडं उचलून पोपटच्या हातात दिलं.

"आधी हे खा," ते म्हणाले. "तालुक्याचा पैलवान हाय दातांचा. दाखव बरं ह्यांना."

कार्यकर्त्यांतल्या दोघा-तिघांना तरी दाढांचं माहीत असावं, कारण हसू आधी त्यांच्याकडून फुटलं आणि मग सगळीकडं पसरलं. पोपटनं पुढच्या दातांनी साल ओढून बघितली. एक दात हलला. हिरडीतून रक्त आलं, उसाला लागलं. जयसिंगरावांनी आपल्या हातातल्या कांड्याचा कडकन तुकडा तोडला, चघळला, चोथा थुंकला, आणि म्हणाले, काय गोडी आहे, काय गोडी आहे.

पोपटही हसला. सगळे हसत होते म्हणून हसला. मग त्यानं कांडं भिंतीला उभं करून ठेवलं, तोंड पुसलं, आणि म्हणाला, काही नाही साहेब, सोमवारी मी दिल्लीला येऊ का, तपासणी बघायला?

ये की, जयसिंगराव म्हणाले. मांडव नको आणू नुसता.

सोमवारी संसदेच्या बाहेरच्या दालनात नातेवाईक बसले होते, भिंतीवर पडदा. आत खासदारांची रांग, प्रत्येकाचं तोंड उघडं, जबड्यात चिमटा. आयुष्यभर ज्यांना कुणी गप्प करू शकलं नव्हतं, ती माणसं तोंड उघडून गप्प उभी होती. जयसिंगराव खुर्चीत बसले. यंत्रानं खालची डावी दाढ निवडली. बारीक आवाज झाला, जळका वास आत आला असेल, बाहेर आला नाही. पडद्यावर हिंदी महासागराचा नकाशा आला, आणि एका ठिपक्याभोवती लाल वर्तुळ फिरून थांबलं. अगाथ द्वीप. खात्री सत्त्याण्णव टक्के.

शेजारच्या खुर्चीतली कुणाची तरी बायको हळूच टाळी वाजवून थांबली. पोपटला पोटातून असा काही आनंद झाला की त्याला तो दाबायला रुमाल तोंडात कोंबावा लागला. तोंडात जागा भरपूर होती.

गोष्ट इथं संपली असती तर पोपट सुखी झाला असता.

खासदारकी त्याच संध्याकाळी गेली. पण खोटं शपथपत्र दिल्याचा खटला उभा राहणार होता, आणि त्यात तुरुंग होता. दाढा बदलल्याचं कबूल करावं तर सात वर्षं. तेव्हा जयसिंगरावांनी तिसरी वाट काढली. दुसऱ्या दिवशी ते कॅमेऱ्यांपुढं उभे राहिले, डोळ्यांत पाणी आणलं आणि म्हणाले, मला काही माहीत नव्हतं. मला माझ्या जन्मदात्रीनंच फसवलं. परक्या देशातली बाई माझ्या भोळ्या बापाच्या घरात शिरली, खोटा दाखला केला, आणि चोपन्न वर्षं माझ्यापासून लपवलं. माझ्या आईची चौकशी करा.

केली. दोन दिवसांत सुलोचनाबाईंना नोटीस आली. ज्या गावात त्या पंचावन्न वर्षं नांदल्या, त्या गावात त्यांच्या दाराशेजारच्या भिंतीवर कुणीतरी कोळशानं लिहिलं, अगाथला चालती हो. दूधवाला दूध बाहेरच ठेवून जायला लागला. पोपटनं बातम्या बंद केल्या, पण आईनं ते भाषण शेजारच्या खिडकीतून ऐकलं होतं.

ती चिडली नाही, हेच वाईट झालं. ती म्हणाली, जया अडचणीत हाय म्हणून बोलतोय, त्याचं मनातलं न्हाई. मी जाते चौकशीला. सांगते सगळं माझंच, दाखला मी केला. म्हाताऱ्या बाईला काय करत्यात, चार दिवस बसवून सोडत्याल. दाढेत तिची माती उतरल्याचं पोपटनं दिल्लीहून आल्यावर तिला सांगितलं होतं, म्हणून तिनं विचारलं, "पण पोपट, माती खाल्ली एवढी चूक कशी काय झाली रं? डोहाळे तर डोहाळेच असत्यात."

पोपटला तिच्याकडं बघवेना. तिची माती त्याला तपासणीच्या सहा दिवस आधी कळली होती, आणि त्यानं ती भावाच्या तोंडात तशीच राहू दिली होती. वार त्यानं थोरल्यावर केला, लागला म्हातारीला. शालनला त्यानं सगळं सांगितलं, उसासकट. शालन म्हणाली, तुम्ही तोंड उघडलंत तर तुम्हीबी आत जाल. पोपट म्हणाला, माहीत हाय. शालन म्हणाली, मग अंगात तो चांगला सदरा घाला, कॅमेरे हायत बाहेर.

दारात रोजचे आठ-दहा पत्रकार बसलेलेच होते, म्हातारी बाहेर आली की फोटो काढायला. पोपट ओट्यावर आला. सगळ्यांना वाटलं हा आता आईबद्दल दोन शब्द बोलणार. तो बोलला नाही. खाली बसला, मान मागं टाकली, दोन्ही गालांत बोटं घालून तोंड फाकवलं, आणि कॅमेरे एकेक करून जवळ येईपर्यंत तसाच बसून राहिला. लाल हिरड्यांत चार खड्डे होते.

"मोजा," तो मग म्हणाला. "चार हायत. माझ्याच हुत्या, आता साहेबांच्या तोंडात हायत. म्हातारीला सोडा."

चौकशी पुण्यात झाली. एका लांब टेबलाच्या एका बाजूला दोघं भाऊ, दुसऱ्या बाजूला अधिकारी, आणि टोकाला दाढमापी बनवणाऱ्या चमूतल्या डॉक्टर केतकी पानसे. मुनोत डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सगळं ओकून टाकलं होतं. राहिला होता तो आईचा जबाब. सुलोचनाबाईंनी काही लपवलं नाही. माहेर, बाळंतपण, माती, डबे, सगळं सांगितलं. केतकीबाई लिहून घेत होत्या. मधेच त्यांनी पेन थांबवलं आणि विचारलं, थोरल्या मुलाला घेऊन तुम्ही बेटावरून परत कधी आलात?

"सव्वा महिना झाल्यावर," आई म्हणाली. "रीतीप्रमाणं. त्याच्या वर बाळंतीण माहेरी ठेवत न्हाईत."

केतकीबाईंनी कागदावर काहीतरी आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. मग त्यांनी अधिकाऱ्यांकडं बघितलं, आणि ते मान डोलावल्यावर जयसिंगरावांकडं वळल्या. आता गुपित ठेवण्यात अर्थ नव्हता, त्या म्हणाल्या. यंत्र एक दिवस किंवा एक महिना मोजत नाही. एवढी बारीक रेघ लेझरलाही सापडत नाही. यंत्र बाळाच्या पहिल्या वर्षाची सरासरी काढतं. त्यात सव्वा महिना अगाथ आणि पुढचे पावणेअकरा महिने वाघजाईवाडी असेल, तर पडद्यावर वाघजाईवाडीच येते.

"म्हणजे?" जयसिंगरावांनी विचारलं.

"म्हणजे तुम्ही तुमच्याच दाढा घेऊन आला असतात, तर पास झाला असता," त्या म्हणाल्या. "आत्ता खासदार असता. त्या दाढा आहेत का कुठं?"

मागच्या खुर्चीत बसवलेले मुनोत डॉक्टर टेबलाकडं बघत राहिले. अधिकाऱ्यानं लिहिलं, जाळल्या.

आईला ह्यातलं अर्धंच समजलं होतं. ती दोघांकडं आळीपाळीनं बघत होती, कुणाला काय झालं ते तिला कळेना. जयसिंगरावांचा जबडा घट्ट आवळला गेला. पोपट शेजारच्याच खुर्चीत होता, अगदी खांद्याला खांदा लागून. त्यानं मान वळवली नाही. त्याला फक्त ऐकू आलं, आपल्याच दाढा दुसऱ्याच्या तोंडात करकर वाजत होत्या.